मुंबई–लंडन : खिडकी उजवीकडची, पण कुठल्या ओळीतली?

मुंबईहून लंडनला दिवसा जायचं तर मी आधी बाजू ठरवतो, मग ओळ. बाजू उजवी. विमान बहुतेक वेळ वायव्येच्या रोखाने जातं, त्यामुळे ऊन डाव्या खिडक्यांवर येतं. तिकडची काच चकाकते, खालची जमीन फिकट दिसते आणि शेजारी लवकरच झडप ओढायला सांगतात. उजवीकडे ऊन आपल्या पाठीमागून समोरच्या डोंगरांवर पडतं, त्यामुळे त्यांच्या घड्यासुद्धा दिसतात.

वेळही बघावी लागते. डिसेंबरात लंडनला चारच्या सुमारास सूर्य मावळतो. मुंबईहून दुपारी एकला निघालात तर उतरताना काळोख. सकाळी सातचं विमान मात्र तिथल्या साडेअकराच्या आसपास पोचतं.

मार्ग हवामान आणि बंद हवाई हद्दींमुळे बदलत राहतो. विमानांचे मार्ग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार24 या संकेतस्थळावर त्याच उड्डाणाचे मागच्या सात दिवसांचे मार्ग फुकट दिसतात, ते मी आधी पाहतो. इराकवरून पूर्व तुर्कस्तानात शिरणारा मार्ग असेल तर वान सरोवर उजव्या हाताला येतं आणि हवा स्वच्छ असली तर त्याच्या पलीकडे 5,137 मीटरचा अरारात पर्वतही. 11 किलोमीटर उंचीवरून क्षितिज सुमारे 370 किलोमीटर दूर असतं, म्हणून एवढं लांबचं शिखर दिसू शकतं.

खरी मेहनत ओळ निवडताना. मोठ्या विमानात डावी खिडकी ‘ए’, उजवी बहुधा ‘के’. इकॉनॉमीच्या मधल्या ओळी पंखावर येतात. पंखाच्या लगेच मागची जागाही मी टाळतो, कारण इंजिनाच्या गरम हवेतून पाहिलं की जमीन लहरते. पंखापुढे इकॉनॉमीची ओळ मिळाली तर उत्तमच. नाहीतर पंख संपल्यावर आणखी पाच-सहा ओळी मागे. अगदी शेपटीत विमान निमुळतं होतं, तिथे सीट आणि भिंतीत फट राहते आणि खिडकीशी वाकावं लागतं.

‘विंडो’ लिहिलेल्या प्रत्येक सीटला नीट खिडकी असतेच असं नाही. खिडक्या विमानाच्या सांगाड्याच्या मापाने बसवलेल्या असतात, सीटच्या ओळी कंपनीच्या मापाने. बोइंग 737 मध्ये खिडक्यांमधलं अंतर 20 इंच आणि ओळींमधलं 30 च्या आसपास, म्हणून काहींच्या खांद्याशी नुसती भिंत येते. पंखाच्या पुढे एसीची हवा वर नेणारा डक्ट असतो, तिथे एखादी खिडकी गाळलेलीच असते. कंपनीच्या नकाशात हे कळत नाही. एरोलोपा या सीट-नकाशांच्या संकेतस्थळावर मात्र खिडक्या जागच्या जागी काढलेल्या असतात. बोइंग 787 ची खिडकी मोठी, पण तिला झडप नसते. बटणाने काच गडद होते आणि केबिन क्रू सगळ्या काचा एकदम गडद करू शकतात. बाहेर बघायचंय असं आधीच सांगून ठेवावं.

इतकं करूनही विमान बदललं तर तोच सीट नंबर पंखावर जाऊ शकतो. म्हणून तीन दिवस आधी आणि चेक-इन उघडल्या उघडल्या विमानाचा प्रकार पुन्हा बघतो.

फोटोसाठी भिंग काचेजवळ धरावं, टेकवू नये, नाहीतर विमानाची थरथर फोटोत उतरते. भिंगावर चकाकी कमी करणारा फिल्टर (पोलरायझर) असेल तर काढून ठेवावा, खिडकीच्या प्लॅस्टिकमधून इंद्रधनुषी पट्टे येतात. काचेतल्या बारीक भोकाभोवती हिमाचे स्फटिक जमतात, ते पुसले जात नाहीत, कारण ते खिडकीच्या थरांच्या आत असतात.

उतरताना उजवी बाजू पुन्हा कामी येते. हीथ्रोवर वर्षातला बहुतेक काळ वारा पश्चिमेचा असतो, तेव्हा विमानं पूर्वेकडून, शहराच्या दक्षिण भागावरून येतात आणि मध्य लंडन उजव्या खिडकीखाली राहतं: आधी थेम्सचं ग्रिनिचजवळचं मोठं वळण आणि तिथला पांढरा घुमट, मग टॉवर ब्रिज, सेंट पॉल्स, लंडन आय, हाइड पार्क. सगळं पाच-सात मिनिटांत सरकून जातं, तेव्हा फोन आधीच हातात असू द्या.