बरच्या घाटातला गोटा

राजस्थानातले ब्यावर सोडून मारवाडच्या सपाटीकडे उतरू लागले की महामार्गावर बर नावाचे गाव लागते. मराठी माणसाने ‘पुढचे गाव कोणते’ असे विचारावे आणि ड्रायव्हरने ‘बर’ एवढेच म्हणावे, तर त्याने आपला प्रश्न मनावर घेतलेला नाही असे वाटते. माझे तसे दोनदा झाले. तिसऱ्यांदा भाचीने नकाशा माझ्यासमोर धरला आणि आपण गेले चार दिवस ज्यासाठी प्रवास करतो आहोत ते ठिकाण हेच, असे सांगितले.

माझी भाची भूविज्ञानात संशोधन करते. अरवली पर्वत कसा घडला, कोणते भूखंड कोणावर केव्हा आदळले आणि त्याचा पुरावा खडकांत कोठे शिल्लक आहे, हा तिच्या प्रबंधाचा विषय आहे. घरात आम्ही त्याला ‘दगडांचे काम’ म्हणतो. बँकेतून निवृत्त झाल्यावर मला हिंडायचे होते आणि तिला वहीत आकडे उतरवून घेणारे कोणी तरी हवे होते. आकडे चुकणार नाहीत, एवढी खात्री मी तिला देऊ शकत होते.

पुण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला डोंगर म्हणजे काय याची एक ठरावीक कल्पना असते. लाव्ह्याचे आडवे थर एकावर एक रचलेले, मधे कोठे तरी लेणे कोरलेले आणि माथ्यावर किल्ला. आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या पठाराची झिजलेली, तुटलेली कड आहे. दोन भूखंडांच्या टकरीतून तो उचललेला नाही, हे मला साठी उलटल्यावर आणि तेही राजस्थानात कळले. अरवलीत थर आडवे नसतात. ते उभे असतात, वाकलेले असतात, कधी घडी घातलेल्या लुगड्यासारखे स्वतःवरच दुमडलेले असतात. उदयपूरच्या आसपासचे चार दिवस मी या घड्यांकडे पाहण्यात घालवले. तेथे जवळपास ३३० कोटी वर्षांचा पट्टिताश्म, म्हणजे फिकट-गडद पट्ट्यांचा खडक, पाहिला, झामरकोटड्याला सूक्ष्मजीवांनी रचलेले स्ट्रोमॅटोलाइटचे खडक पाहिले आणि झावरला जस्त गाळण्याच्या जुन्या मुशी रचून बांधलेल्या भिंती पाहिल्या. त्या प्रत्येकावर स्वतंत्र लिहिता येईल, पण लिहिणार नाही, कारण बरच्या घाटात जे झाले ते अजून मनातून जात नाही.

तेथे रस्त्याच्या कडेलाच पिंडाश्माचा उंचवटा आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित केलेले आहे. पिंडाश्म म्हणजे गोट्यांचा खडक. पाण्याने वाहून आणलेले गोटे, त्यांच्या फटींत भरलेली वाळू आणि चिखल, हे सारे गाडले जाऊन एकजीव झाले की तो बनतो. नदीतला गोटा कसा असतो हे सर्वांना ठाऊक आहे. येथील गोटे मात्र तसे नाहीत. कोणी कणकेचा गोळा दोन्ही तळव्यांत धरून वळावा आणि वळता वळता तो लांबत जावा, तसे ते एकाच दिशेने ताणलेले आहेत. काही काकडीसारखे, काही चपटे होऊन जिभेसारखे. आणि हे गोटे क्वार्ट्झाइटचे, म्हणजे आपल्या हातोडीला न जुमानणाऱ्या खडकाचे आहेत. ते तडकले नाहीत, चुरा झाला नाही. जमिनीत खोलवर, उष्णतेत आणि दाबाखाली, अतिशय सावकाश त्यांचा आकारच बदलला. मी बराच वेळ काही बोलले नाही, आणि माझ्या बाबतीत ही नोंद करण्याजोगी गोष्ट आहे.

भाची मात्र कामाला लागली होती. एका गोट्याची लांबी, रुंदी आणि जाडी मोजायची, त्याचा लांब अक्ष कोणत्या दिशेला आणि किती अंशांनी खाली कलला आहे ते होकायंत्रावर पाहायचे आणि मला सांगायचे. मग पुढचा गोटा. एकाच गोट्यावरून काही ठरत नाही, कारण मुळात तो गोटा पूर्ण गोल होता असे कोणी सांगावे? म्हणून शंभरांवर गोटे मोजायचे, म्हणजे मूळच्या वेड्यावाकडेपणाचा परिणाम सरासरीत विरतो आणि पर्वताने केलेला ताण तेवढा उरतो. शिवाय भोवतालचा भराव गोट्यांपेक्षा मऊ असल्यामुळे तो त्यांच्याहून अधिक ताणला गेला असणार, तेव्हा येणारे उत्तर हे कमीत कमी ताणाचे. हे हिशेब मला पटले. बँकेतही आम्ही ग्राहकाचे उत्पन्न असेच, त्याने सांगितलेल्यापेक्षा वेगळ्या मार्गाने काढत असू.

दुपारी ट्रकांच्या कर्कश हॉर्नमधून आणि डिझेलच्या धुरातून वाट काढत लाल फेट्याचा एक रायका मेंढपाळ आपली मेंढरे घेऊन आला. सोने सापडले का, असे त्याने विचारले. नाही म्हटल्यावर त्याने आमच्याकडे ज्या करुणेने पाहिले, तशी करुणा मला या साऱ्या प्रवासात दुसऱ्या कोणी दाखवली नाही. त्याने आपल्या बाटलीतले पाणीही देऊ केले.

त्याच्या जाण्यानंतर भाचीने जे सांगितले ते माझ्या भाषेत असे आहे. भूवैज्ञानिक ए. एम. हेरॉन यांनी या प्रदेशाचे सर्वेक्षण करून १९५३ साली त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हापासून हा पिंडाश्म ‘दिल्ली’ नावाच्या खडकसमूहाच्या तळाशी धरला जातो. म्हणजे त्याहून जुने खडक आधी वर आले, उघडे पडले, झिजले आणि त्यांच्या तुकड्यांचे हे गोटे झाले. मग त्यावर समुद्र आला आणि हजारो मीटर गाळ साचला. त्यानंतर सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेचा मारवाडचा भूखंड आणि पूर्वेचा मेवाडचा भूखंड एकमेकांकडे सरकले, मधला समुद्र मिटला आणि सारा गाळ चेपला जाऊन पर्वत उभा राहिला. मिटलेल्या समुद्रतळाचे अवशेष दक्षिणेला फुलादजवळ आहेत असे अनेक संशोधक मानतात. सर्वांना ते मान्य नाही आणि त्यावरून जोरदार वाद आहेत. एका गोट्यात अशा रीतीने दोन गोष्टी आहेत: तो आधीच्या जमिनीच्या झिजेतून जन्मला आणि नंतरच्या पर्वताने त्याला ताणले.

हे ऐकत असतानाच मी तो उचलला. उंचवट्याच्या पायथ्याशी सुटून पडलेला, वीतभर लांबीचा, करड्या रंगाचा सुंदर गोटा होता. तो मी शालीत गुंडाळून पिशवीत टाकला. पडलेलाच तर आहे, असे मी स्वतःला समजावले. दिवाणखान्यात गणपतीशेजारी तो कसा दिसेल याचा विचारही करून झाला होता.

ब्यावरच्या ज्या लॉजमध्ये आम्ही उतरलो होतो, त्याविषयी एवढेच सांगते की गरम पाण्याचे आश्वासन देणाऱ्या माणसाचे हास्य फार प्रसन्न होते आणि पाणी जानेवारीचे होते. रात्री तिलपट्टी काढण्यासाठी भाचीने माझी पिशवी उघडली आणि गोटा तिच्या हाती लागला.

“मावशी, हा कुठून आणलास?”

“खाली पडला होता गं. तोडला नाही मी.”

ती ओरडली असती तर मीही ओरडले असते. ती मात्र शांतपणे म्हणाली, “तिथला खडा उचलायचा नाही हे तुला सकाळीच सांगितलं होतं. मी तिथे हातोडीला हातसुद्धा लावत नाही. आणि याचा आता उपयोग काय? याची दिशा गेली.”

गोटा सुटाच होता असे मी पुन्हा म्हटले. सुट्या गोट्याची दिशा पडतानाच गेली होती, तेव्हा तिचे हे म्हणणे तर्काला धरून नाही, हेही मी दाखवून दिले. तिने ते मान्य केले. “बरोबर आहे. पण उद्या दुसरी मावशी येईल, तिलाही सुटाच सापडेल,” असे म्हणून ती पांघरूण ओढून झोपली. मी बराच वेळ जागी होते, थोडी थंडीमुळे.

सकाळी आम्ही सेंदड्याला थांबलो. तेथे ग्रॅनाइटचे झिजून चित्रविचित्र आकार झालेले आहेत आणि तेही संरक्षित स्मारक आहे, म्हणून तिने तेथे फक्त पाहणी केली. हे ग्रॅनाइट आधीच्या थरांत वितळलेल्या रूपात घुसले आणि नंतर स्वतःही दाबले गेले, असे तिने मला त्यातील खनिजांच्या एका दिशेत लागलेल्या ओळी दाखवून सांगितले. आणि त्यातील झिरकॉन नावाच्या खनिजाच्या कणांत युरेनियमचे शिसे किती झाले ते मोजून ग्रॅनाइटचे वय निघते, म्हणून शेवटचा दाब त्या वयानंतरचा. पुढे स्मारकाबाहेर, परवानगी घेतलेल्या एका जागी, तिने नमुना काढला. काढण्याआधी तिने खडकाच्या पृष्ठावर मार्करने आडवी रेघ ओढली, कलाची खूण केली, उत्तरेचा बाण काढला, छायाचित्र घेतले आणि मगच छिन्नी लावली. प्रयोगशाळेत याची पातळ चकती कापतील तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली खडकाची कोणती बाजू कोणत्या बाजूवर सरकली ते दिसेल. आणि ते उत्तर मारवाडकडे की मेवाडकडे, हे त्या एका रेघेवर ठरेल. हे पाहताना मला पिशवीतला गोटा जड वाटू लागला, हे मी तिला सांगितले नाही.

मग मीच ड्रायव्हरला बरला पुन्हा न्यायला सांगितले. जाऊन येऊन दीड तास गेला आणि डिझेलचे पैसे मी दिले. भाची गाडीतून उतरली नाही. पायथ्याशी मी काल उभी होते ती जागा सापडली, निदान सापडली असे वाटले. गोटा खाली ठेवला. त्याचे निमुळते टोक रस्त्याकडे होते की उंचवट्याकडे, ते मला आठवेना. एकदा रस्त्याकडे करून पाहिले, मग उलटे केले, आणि पुन्हा पहिल्यासारखे ठेवले, तोवर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.