मित्रांसोबत ऑनलाइन युद्धाचा बोर्ड गेम: पोर्ट ३३०० उघडेपर्यंतचा माझा अनुभव

इंटरनेट कंपनीच्या कस्टमर केअरला मी एकच गोष्ट विचारत होतो. माझ्या घरच्या कॉम्प्युटरपर्यंत बाहेरून कुणाला पोचता येतं का? हो किंवा नाही, एवढंच सांगा. हे उत्तर मिळेपर्यंत जितका वेळ गेला, तितक्यात आमचा अख्खा डाव खेळून झाला असता. राग अजून उतरलेला नाही, म्हणून सगळं बैजवार लिहितोय. मित्रांना जमवून स्वतःच्या मशिनवरून असा गेम होस्ट करणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या तरी संध्याकाळी वाया जाऊ नयेत.

गेम कुठला ते आधी सांगतो. आम्ही पाच जण कॉलेजपासून ॲक्सिस अँड अलाइज खेळत आलोय. दुसऱ्या महायुद्धाचा नकाशा, रशिया, जर्मनी, ब्रिटन, जपान, अमेरिका अशा पाच सत्ता, ढीगभर फासे आणि दर फेरीला आपल्या उत्पन्नातून नवी फौज उभी करायची. लॅरी हॅरिस यांचा हा गेम पहिल्यांदा १९८१ मध्ये आला, त्यानंतर त्याच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या. आता पाच जण पाच ठिकाणी आहेत आणि बोर्ड एकाच्या माळ्यावर पडून आहे. म्हणून ट्रिपलए घेतला. हाच गेम ऑनलाइन खेळवणारा हा फुकट, ओपन सोर्स प्रोग्राम जावा नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतो, त्यामुळे विंडोज, मॅक, लिनक्स काहीही असलं तरी अडत नाही. डाउनलोड, इन्स्टॉल, नकाशा उतरवणं यात काहीच त्रास झाला नाही. फक्त सगळ्यांकडे प्रोग्रामचं एकच व्हर्जन आणि तोच नकाशा आहे ना, हे आदल्या दिवशीच बघून ठेवा.

मी गेम होस्ट केला, म्हणजे डाव माझ्या कॉम्प्युटरवर मांडला, मित्रांना माझा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा माझा नंबर, पाठवला, सोबत पोर्ट नंबर (कॉम्प्युटरमधल्या त्या प्रोग्रामच्या दाराचा क्रमांक) ३३००, जो ट्रिपलएमध्ये आधीपासूनच भरलेला असतो. चौघेही कॉलवर होते. चौघांच्या स्क्रीनवर तेच: कनेक्ट होत नाही.

पहिली शंका गेमवर. घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपवरून घरच्याच वायफायवर १९२.१६८ ने सुरू होणारा, घरापुरताच चालणारा पत्ता टाकून जोडून पाहिलं, तर क्षणात जोडला. ही चाचणी सगळ्यांनी सर्वात आधी करावी. घरातल्या घरात जोडला जातोय म्हणजे प्रोग्राम ठीक आहे, कॉम्प्युटर ठीक आहे, दुखणं पुढे कुठेतरी आहे. तरी फायरवॉलमध्ये जावाला परवानगी आहे ना ते बघून घेतलं. होती.

मग राउटर. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं (काही राउटरना १९२.१६८.०.१ लागतं, खालच्या स्टिकरवर छापलेलं असतं), आत जाऊन पोर्ट फॉरवर्डिंगचं पान उघडलं आणि नियम घातला: बाहेरून ३३०० वर जे येईल ते माझ्या कॉम्प्युटरच्या ३३०० वर द्यायचं, प्रोटोकॉल टीसीपी. सेव्ह केलं, राउटर रीस्टार्ट केला. मित्रांनी पुन्हा जोडून पाहिलं. ये रे माझ्या मागल्या.

इथून कस्टमर केअरची वारी सुरू झाली.

पहिल्या फोनला, "सर, राउटर बंद करून दोन मिनिटांनी चालू करा." मी म्हटलं, केलंय. "सर, एकदा पुन्हा करा." केला. "आता स्पीड टेस्ट करून आकडा सांगा." सांगितला. "स्पीड तर पूर्ण येतोय सर, मग काय अडचण आहे?" मी सांगितलं, स्पीडची तक्रारच नाही. मला बाहेरून आत येणारं कनेक्शन हवंय, पोर्ट उघडं दिसत नाही, तुमच्याकडून ब्लॉक आहे का? तिकडे शांतता. मग, "सर, तुमची तक्रार नोंदवून घेतो." थोड्याच वेळात मेसेज आला: आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. कुणी काहीही केलेलं नव्हतं! तक्रार बंद झालेली, आणि नवी नोंदवायची तर पुन्हा पहिल्यापासून तेच: राउटर बंद करा, चालू करा.

पुढच्या फोनला दुसऱ्या माणसाने मला राउटरमध्ये डीएमझेड चालू करायला सांगितलं. हे मात्र ऐकू नका. डीएमझेड म्हणजे बाहेरून येणारं सगळंच एका कॉम्प्युटरकडे वळवणं, एक दार लागत असताना घराच्या सगळ्या भिंतीच पाडणं. आणि माझ्या बाबतीत तर त्याचा काडीचाही उपयोग नव्हता, ते पुढे कळेलच. मी चालू केलं नाही, तर त्याने तक्रारीत शेरा मारला: ग्राहकाने सूचना पाळल्या नाहीत.

मग घरी टेक्निशियन आला. मुलगा चांगला होता, मन लावून काम करत होता. वायर तपासली, कनेक्टर नवा बसवला, सिग्नलची लेव्हल मोजली, त्याच्या फोनवर स्पीड टेस्ट दाखवली. मी त्याला राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंगचं पान दाखवलं. तो म्हणाला, "सर, हे आमच्याकडे येत नाही, हे वरच्या टीमचं." वरच्या टीमचा नंबर? "तो ग्राहकांना देत नाहीत." त्याची काही चूक नाही. पण ज्या कंपनीत प्रश्नाचं उत्तर असलेला माणूस आहे आणि त्याच्यापर्यंत ग्राहकाने पोचायचंच नाही अशी व्यवस्था आहे, तिला सेवा कशी म्हणायची?

मधल्या काळात मित्रांचा उत्साह ओसरायला लागला होता. जर्मनी घेऊन बसलेला मित्र म्हणाला, "अरे, सोड, आपण पत्ते खेळू ऑनलाइन." मला ते लागलं. वर्षानुवर्षं ज्या खेळासाठी रात्री जागवल्या, तो एका पोर्टपायी सोडायचा?

उत्तर शेवटी आलं ते असं. तक्रार पुन्हा बंद केली म्हणून मी वरिष्ठांशीच बोलायचं धरून बसलो. बऱ्याच वेळाने एक बाई फोनवर आल्या. त्यांनी राउटर बंद करायला सांगितलं नाही. विचारलं, "राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी काय दिसतोय?" वॅन आयपी म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता. मी वाचला, शंभर पॉइंट ब्याऐंशी पॉइंट... त्यांनी मध्येच थांबवलं. "सर, तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. तुमचं पोर्ट फॉरवर्डिंग कधीच चालणार नाही." इतकंच! दोन वाक्यं, जी पहिल्या दिवशी पहिल्या माणसाने सांगायला हवी होती.

याचा अर्थ नीट समजून घ्या, कारण सगळी मेख इथेच आहे. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे पत्ते ३२ बिटचे, एकूण सुमारे ४२९ कोटी. जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे मोठे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपले. म्हणून बऱ्याच कंपन्या आता पुष्कळ ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरतात आणि आतल्या बाजूला प्रत्येकाला खाजगी पत्ता देतात. यालाच सीजीनॅट म्हणतात. या कामासाठी २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते खास राखून ठेवले गेले. तुम्ही राउटरमध्ये कितीही नियम घाला, मित्राची हाक तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही. ती कंपनीच्या यंत्रापाशीच अडते, कारण तिथे तुमच्यासाठी कुणी नियम घातलेला नाही. साध्या ब्राउझिंगला, व्हिडिओला फरक पडत नाही, कारण तिथे सुरुवात आतून होते. होस्ट करणाऱ्याला मात्र बाहेरून येणारा माणूस हवा असतो.

तपासायला दोन मिनिटं लागतात. राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी बघा, आणि "माझा आयपी" दाखवणाऱ्या कुठल्याही साइटवरचा आकडा बघा. दोन्ही सारखे असतील तर पत्ता तुमचा, पोर्ट फॉरवर्डिंग चालेल. वेगळे असतील, आणि त्यातून राउटरवरचा १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर राउटरशी झटापट लगेच थांबवा. तो १० किंवा १९२.१६८ ने सुरू होत असेल तर घरातच दोन राउटर एकामागे एक आहेत का ते आधी पाहा. कंपनीच्या डब्याला तुम्ही स्वतःचा राउटर जोडला असेल तर हमखास असं होतं, आणि तो गुंता घरच्या घरी सुटतो.

सीजीनॅट निघालं तर वाटा आहेत. सगळ्यात सोपी, पाचांपैकी ज्याचा पत्ता स्वतःचा आहे त्याने होस्ट करायचं. आमच्यात चौघांनीही तपासलं, सगळेच सीजीनॅटवाले. मोबाइल हॉटस्पॉटवर भिस्त ठेवू नका, तिथेही बहुतेक हेच असतं. दुसरी वाट ट्रिपलएच्या ऑनलाइन लॉबीची. तिथे बॉट नावाचे तयार होस्ट असतात, त्यांच्यावर डाव मांडला तर कुणालाच पोर्ट उघडावं लागत नाही. घाई असेल तर हेच करा. तिसरी वाट खाजगी आभासी नेटवर्कची, टेलस्केलसारखं काहीतरी सगळ्यांनी टाकायचं, म्हणजे पाचही कॉम्प्युटर एकाच घरात असल्यासारखे वागतात. त्यात तुम्हाला मिळणारा पत्ताही १०० नेच सुरू होतो, तेव्हा तो पाहून दचकू नका.

मी मात्र कंपनीकडून स्टॅटिक आयपीच, म्हणजे फक्त माझा, न बदलणारा सार्वजनिक पत्ता घेतला. दरमहा जादा पैसे पडतात. पण एवढं सगळं झाल्यावर मला माझ्याच दारातून मित्रांना आत घ्यायचं होतं. अर्ज भरला, राउटर रीस्टार्ट झाला, वॅन आयपी बदलला. गेम होस्ट करून पोर्ट तपासणाऱ्या साइटवर ३३०० टाकलं. हिरव्या अक्षरांत "ओपन" दिसलं आणि जीव भांड्यात पडला. (गेम चालू नसताना तपासलं तर पोर्ट बंदच दिसतं, कारण ऐकायला पलीकडे कुणी नसतं. हे ठाऊक नसेल तर सगळं ठीक असूनही माणूस पुन्हा राउटर उघडून बसतो.)

त्या रात्री पॅनेलमध्ये एकेक नाव येत गेलं. जर्मनीवाला सगळ्यात आधी आला.

खेळाबद्दलही थोडं सांगायला हवं. फाशांवरून भांडणं होणार असतील तर लो लक हा पर्याय सुरू करा. एरवी प्रत्येक तुकडीसाठी फासा टाकतात आणि तिच्या ताकदीइतका किंवा कमी आकडा पडला तर मारा लागतो, म्हणजे शत्रूची एक तुकडी जाते. लो लकमध्ये सगळ्यांची ताकद मिळवून सहाने भागतात. हल्ल्यात पायदळाची ताकद एक, रणगाड्याची तीन. तीन पायदळ आणि तीन रणगाडे हल्ला करत असतील तर तीन एके तीन आणि तीन त्रिक नऊ, एकूण बारा, म्हणजे दोन मारे नक्की, फासा टाकायचाच नाही. समोर चार पायदळ असतील तर बचावात प्रत्येकी दोन धरून आठ, म्हणजे एक मारा नक्की आणि उरलेल्या दोनसाठी एक फासा. रशिया माझ्याकडे होता, १९४२ च्या नकाशावर पहिली चाल त्याचीच. उत्पन्न २४, समोर जर्मनीचं ४१. नव्याने रशिया घेणारे रणगाड्यांवर पैसे उडवतात. तीनला मिळणारं पायदळ बचावात दोन पडलं तरी मारतं, इतकं स्वस्त संरक्षण दुसरं नाही. पायदळ घेत राहा, नकाशावरचा वेस्ट रशिया हा प्रदेश लवकर ताब्यात घ्या आणि पाश्चात्त्य दोस्त येईपर्यंत तग धरा.

प्रत्येक फेरी संपली की डाव सेव्ह करून फाइल ग्रुपवर टाका. कुणाची वीज गेली, कुणाचं नेट गेलं, तरी तिथून पुढे खेळता येतं. एक जण बसू शकला नाही तर त्याची चाल नंतर त्याच्याकडून करून घेता येते. आणि राउटरमध्ये तुमच्या कॉम्प्युटरचा आतला पत्ता राखून ठेवा. राउटर पुन्हा चालू झाला की तो बदलू शकतो, मग पोर्टचा नियम भलत्याच मशिनकडे बोट दाखवत बसतो. डाव नसेल त्या आठवड्यात मी तो नियम बंद ठेवतो.

आमचा डाव अजून चालू आहे. लेनिनग्राड पडलं, कलकत्ता जपानने घेतलं. जिंकण्यासाठी नकाशावरची ठरावीक शहरं मोजतात, त्यांतली जर्मनी-जपानकडे आठ झाली आहेत आणि नऊ झाली की ते जिंकले. मॉस्कोत मी पायदळ रचतोय, अमेरिकेवाल्याला होनोलुलूत आरमार ठेव म्हणून बजावलंय. शनिवारी रात्री पुढची फेरी, होस्ट मीच.