सहाचा तास आणि मेथीची जुडी

पहाटे पाच पन्नास. पुण्यात डहाणूकर कॉलनीत एका बिल्डिंगखाली गाडी लावली, डिकीतून आठ किलोचं केटलबेल, म्हणजे व्यायामाचं कडीवालं वजन, काढलं आणि फोन वाजला. "आज नको गं. रात्रभर झोपच नाही लागली. उद्या डबल करू."

हे डबल कधीच होत नाही. २०१९ पासून मी घरोघरी जाऊन पर्सनल ट्रेनिंग करते, आणि इतक्या वर्षांत एकदाही कुणी 'डबल' केलेलं नाही. उद्या उद्याचंच होतं, तेही पाठ धरली तर.

त्याआधी पाच वर्षं एका जिममध्ये होते. पर्सनल ट्रेनिंगचे क्लायंटकडून महिना दहा हजार घ्यायचे, त्यातले माझ्या हातात चार यायचे. मी हिशेब केला, बाहेर पडलं की दहाचे दहा आपले! गणितात मी शाळेपासूनच कच्ची. जिममध्ये सहा ते नऊ सलग तीन जणी व्हायच्या. बाहेर त्याच वेळात कर्वे रोडचे सिग्नल, पार्किंग आणि वॉचमनच्या रजिस्टरमध्ये सही धरून दोन होतात. शिवाय कोथरूडकर दहा देत नाहीत. महिन्याच्या बारा सेशनना नऊ हजार सांगितले की "आमच्या योगाच्या बाई दीड हजार घेतात" हे ऐकावं लागतं. त्या बाई एका वेळी पंचवीस जणींना घेतात, हे सांगून उपयोग नसतो.

कागदपत्रांचं फार नव्हतं. छोट्या व्यवसायाची उद्यम नोंदणी, तेव्हाची 'उद्योग आधार', आधार कार्डावर ऑनलाइन फुकट होते, हे मला एजंटला दीड हजार देऊन झाल्यावर कळलं. जीएसटी वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही, त्यामुळे त्या बाबतीत मी अगदी निवांत आहे.

मग मार्च २०२०. फोन डाळीच्या डब्याला टेकवून व्हिडिओ कॉलवर स्क्वॉट शिकवले. समोरच्या बाईचे फक्त गुडघे दिसायचे, किंवा फक्त पंखा. दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला, जिम उघडल्या, पण माझ्या क्लायंटच्या सोसायट्यांत बाहेरच्यांना बंदी ती बंदीच. जिम सोडल्याचा पश्चात्ताप मला आयुष्यात तेवढाच एकदा झाला. नाही, दोनदा. दुसऱ्यांदा एका सोसायटीत वॉचमनने माझी बॅग बघून सामानाच्या लिफ्टकडे बोट दाखवलं तेव्हा.

पण खरी अडचण पैसे मागण्याची. क्लायंट आयत्या वेळी नाही म्हणाला, तर त्या तासाचे पैसे घ्यायचे की नाही? मी घेत नव्हते. संकष्टीचा उपास, पाहुणे, मोलकरीण आली नाही, नातवाला ताप. प्रत्येक कारण खरं असायचं, म्हणून तर तोंड उघडायचं नाही. गणपतीत दहा दिवस, दिवाळीत पंधरा, मे महिन्यात सगळं कोथरूड गावाला. जानेवारीत मात्र फोन थांबत नाही. पूर्ण पैसे हातात पडतात असे महिने वर्षातले सहा, फार तर सात.

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, मंडईत पालेभाजीचा गाळा आहे. ते साडेतीनला उठून मार्केट यार्डात जातात, मी साडेचारला उठते. घरात आधी उठायची स्पर्धा मी कधीच जिंकले नाही. एका संध्याकाळी गाळ्यावर बसून मी कुरकुरत होते. अण्णा मेथीच्या जुड्यांवर पाणी मारत होते. म्हणाले, "ही जुडी सकाळी वीसला. आता सात वाजले, दहाला देईन. नाहीच गेली तर तुझी आई ठेपले करंल. तुझा सहाचा तास सातला कोण घेणाराय?"

त्या रात्री सगळ्यांना मेसेज टाकला: आदल्या रात्री दहापर्यंत कळवलं नाही तर तास लागला असं धरलं जाईल. तीन ओळींचा मेसेज लिहायला दीड तास लागला. 'कृपया' दोनदा घातलं, एकदा काढलं.

पहिलीच पाळी आली डहाणूकरच्या काकूंवर. बाकी कुणावरही चाललं असतं. काकू एकसष्ट वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. पहिल्या दिवशी मी त्यांची खुर्चीची टेस्ट घेतली होती. हात छातीवर बांधायचे आणि तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता-बसता येतं ते मोजायचं. साठ ते चौसष्टच्या बायकांना बाराच्या खाली आलं तर कमी धरतात. काकूंचे आठ झाले. वजन किती कमी करायचं विचारलं तर म्हणाल्या, "वजन राहू दे. गौरींच्या जेवणाला पाटावर बसायचंय, आणि कुणाचा हात न धरता उठायचंय."

आम्ही तेवढंच केलं. खुर्चीवर दोन उशा ठेवून उठबस, मग एक उशी, मग नुसती खुर्ची. जमिनीवरून उठताना आधी कुशीवर वळायचं, मग हात आणि गुडघ्यांवर यायचं, एक पाय पुढे रोवायचा, मांडीवर दोन्ही तळवे दाबून वर. पहिले कित्येक दिवस त्यांचा हात आपोआप सोफ्याकडे जायचा आणि मी सोफा मागे सरकवायची. चौदाव्या आठवड्यात त्या उठल्या आणि सोफा कुठे आहे ते त्यांनी बघितलंच नाही. मी काही बोलले नाही. त्याही बोलल्या नाहीत, फक्त परत खाली बसून परत उठल्या.

अशा बाईला मी सांगणार, काल तुम्ही पाच पन्नासला फोन केलात, तास लागला. सांगितलं. आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी दोनदा "काय?" केलं. मग म्हणाल्या, "त्यात एवढं काय? मी शिकवण्या घ्यायचे तेव्हा मूल आलं नाही म्हणून फी कधी परत केली नाही."

सगळ्याच अशा नसतात. सगळ्यात जास्त पैसे देणारी क्लायंट त्याच आठवड्यात "तू फार प्रोफेशनल झालीस हं" म्हणून गेली. तिची सकाळी सातची जागा अडीच महिने रिकामी होती.

गेल्या महिन्यापासून अण्णांनाही घेतलंय. चाळीस वर्षं गाळ्यावर मांडी घालून बसल्याने गुडघे गेलेत. खुर्चीची टेस्ट घेतली तर भाव करायला लागले, "ते अर्धं धर की." दुपारी तीनला, गिऱ्हाईक नसतं तेव्हा, गाळ्यामागे करतो. फी म्हणून डिकीत रोज एक जुडी पडते.

मंगळवारी दुपारी पावणेतीनला त्यांचा फोन. "आज राहू दे गं. पालक घ्यायला हॉटेलवाला यायचाय. उद्या डबल करू."

मी वही काढली आणि तास लावला.