धुरी दिलेला मासा आणि साधा ठेका

आम्हा इंदूरकरांना स्वयंपाकघरातल्या धुराचे अप्रूप नाही. भरिताच्या वांग्याला किंवा दाल-बाफल्याच्या डाळीला निखाऱ्यावर तूप सोडून धुंगार द्यायचा असतो हे इथल्या मुलांना शाळेत जाण्याआधीच ठाऊक होते, आणि ओवा-बाळंतशेपाची धुरी तर आमच्यापैकी अनेकांनी पाळण्यातच घेतलेली असते. त्यामुळे पुतण्याने मुंबईहून थर्माकोलच्या पेटीत, बर्फात जपून धुरी दिलेल्या सॅल्मनची दोन पाकिटे आणली, तेव्हा माशाने मला फारसे बुजवले नाही. आठ माणसे जेवायला येणार होती आणि माशाबरोबर वाइन द्यायची असे ठरले होते. ती कोणती द्यावी, या विचाराने मात्र माझे दोन दिवस खाल्ले.

हा मासा म्हणजे आपला रावस नव्हे. रावसाला बाजारात ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात खरे, पण त्या दोघांत नाव सोडले तर काही सोयरीक नाही. सॅल्मनला आधी मीठ लावून मुरवतात आणि मग साधारण 30 अंश सेल्सियसच्या आतल्या थंड धुरात तासन्‌तास ठेवतात. मासा शिजत नाही, म्हणूनच त्याची पातळ चकती जिभेवर रेशमासारखी पसरते. बांगड्याला बहुधा गरम धूर देतात, त्यात तो शिजतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. कोणत्याही प्रकाराने केला तरी त्या माशात मीठ, तेल आणि धूर या तिघांनी आधीच बैठक मारलेली असते, आणि वाइनला उरलेल्या जागेत अंग चोरून बसावे लागते.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. गेल्या वर्षी असाच मासा घरी आला असताना, भाऊजींनी मोठ्या प्रेमाने दिलेली, ओकच्या पिंपात मुरलेली तांबडी वाइन मी उघडली आणि पहिल्याच घोटाला सगळ्यांच्या तोंडात गंजलेला खिळा चघळल्यासारखी चव आली. कोणी काही बोलले नाही, हा पाहुण्यांचा चांगुलपणा. पुढे वाचनात आले की 2009 मध्ये जपानी संशोधकांनी याचे कारण शोधले होते: वाइनमध्ये लोहाचा अंश जितका अधिक, तितकी माशाबरोबर ती हिवस, धातूसारखी चव अधिक. म्हणजे अपराध निव्वळ रंगाचा नाही. लोह कमी असलेली तांबडी वाइन माशाबरोबर निभावून जाऊ शकते. पण बाटलीवर लोहाचा आकडा कोणी छापत नाही, तेव्हा घरच्या जेवणात हा जुगार खेळू नये. शिवाय तांबड्या वाइनचा सुपारीसारखा तुरटपणा मला खारटाबरोबर कडवट लागतो. ओकच्या पिंपाची तऱ्हा आणखी निराळी. पिंप आतून भाजतात तेव्हा ग्वायाकॉल नावाचे जे धुरकट वासाचे रसायन तयार होते, तेच लाकडाच्या धुरातही असते, आणि मग माशाचा धूर कुठे संपला आणि पिंपाचा कुठे सुरू झाला हे कळेनासे होते.

विचार करताना मला आमच्या शहराचे ख्यालगायक उस्ताद अमीर खाँ आठवले. त्यांचा अतिविलंबित झूमरा ऐकताना चौदा मात्रांचा तो ठेका किती साधा वाजतो, याकडे पहिल्यांदा लक्षही जात नाही. तबलजीने तुकडे वाजवून मध्ये मध्ये मान वेळावून घेतली असती, तर त्या आलापीची वीण उसवली असती. धुरी दिलेल्या माशाला अशीच साथ हवी. वाइनने लय धरावी, दोन घासांमध्ये जीभ स्वच्छ करावी, आणि स्वतःचे कौशल्य दाखवायचे असेल तर पुढच्या पदार्थापर्यंत थांबावे.

जाणकार लोक इथे जर्मनीतल्या मोझेलची किंवा फ्रान्समधल्या अल्सासची रीसलिंग ही पांढरी वाइन सुचवतात. स्पेनमध्ये कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, फिनो शेरी देतात. मी नाशिकच्या दोन बाटल्या निवडल्या, एक कोरडी फेसाळती ब्रुट आणि दुसरी किंचित गोडसर शेनिन ब्लांक. हे द्राक्ष मूळचे फ्रान्समधल्या ल्वार खोऱ्यातले, पण नाशिकला चांगले रुळले आहे. त्याचा आंबटपणा माशाचे तेल कापतो, आणि खारटासमोर त्याचा लवमात्र गोडवा कैरीच्या लोणच्यातल्या गुळासारखे काम करतो. दोन्हींत माझा कौल शेनिनला आहे. ब्रुट बुडबुड्यांमुळे दिमाखदार दिसते, पण मिठाबरोबर ती जरा कोरडीठाक लागते.

इंदूरच्या चैत्रात पांढरी वाइन 8 ते 10 अंशांवर ठेवणे हे तिच्या निवडीपेक्षा कठीण काम आहे. आजीचे पितळी घंगाळ घासूनपुसून काढले, त्यात बर्फ, पाणी आणि मूठभर जाडे मीठ घातले आणि बाटल्या मानेपर्यंत बुडवल्या. वीसेक मिनिटांत त्या फ्रिजला जमले नसते इतक्या गार झाल्या. नुसता बर्फ घातला तर बाटलीभोवती हवेच्या पोकळ्या राहतात, म्हणून पाणी हवेच. पेले एक तृतीयांशच भरले. काठोकाठ भरलेला पेला आपल्याकडे आदरातिथ्याची खूण असली तरी वाइन त्यात तळाशी जाईपर्यंत कोमट होते. पेल्यात बर्फाचे खडे टाकण्याची सूचनाही आली. ती मी ऐकलीच नाही असे दाखवले.

ताटात ज्वारीच्या भाकरीचे कुरकुरीत तुकडे होते, त्यांवर चक्क्याचा पातळ थर, माशाची चकती आणि बारीक चिरलेला शेपू. ज्या शेपूला आमच्या घरात कोणी विचारत नव्हते, त्याला त्या संध्याकाळी प्रथमच मानाचे पान मिळाले. लिंबू मी चार थेंबांवर आवरले, कारण ताटात आंबट वाढले की पेल्यातली वाइन मचूळ लागते. मावशींचा आक्षेप मुळावरच होता. “अरे, मासा आणि दह्यादुधाचे एकत्र? आईने पाहिले असते तर?” त्या म्हणाल्या, आणि भुट्ट्याच्या किसाकडे वळल्या. तो खास शाकाहारी मंडळींसाठी केला होता आणि शेनिनबरोबर, मला कबूल केले पाहिजे, माशाहूनही छान जात होता.

भाऊजींनी खिशातून जीरावनाची, आमच्या इंदुरी पोह्यांवरच्या मसाल्याची, पुडी काढली तेव्हा मात्र मी हात जोडले. “भाऊजी, पोह्यांवर हवे तेवढे घाला, इथे नको.” ते थोडे खट्टू झाले. त्यांनी यंदाही तांबड्या वाइनची बाटली आणली होती आणि ती तशीच कोपऱ्यात उभी होती. सुके मटण आले तेव्हा मी ती उघडली, पहिला पेला त्यांच्याच हाती दिला, आणि मटणाच्या मसाल्यासमोर तिचा तुरटपणा असा काही बोलू लागला की घंगाळातल्या शेनिनकडे नंतर कोणाचे लक्षच गेले नाही.

सकाळी पोहे झाले तेव्हा फ्रिजमध्ये माशाच्या दोन चकत्या उरलेल्या होत्या. भाऊजी रात्री मुक्कामाला होते. त्यांनी त्या चकत्या पोह्यांवर ठेवल्या, वरून सढळ हाताने जीरावन भुरभुरले आणि माझ्याकडे न पाहता चहा मागितला.