तेर्माल: इस्तंबूलपलीकडचं गरम पाणी

तुर्कस्तानात गरम पाण्याचे झरे म्हटलं की आपली मंडळी थेट पामुक्काले गाठतात. पांढऱ्या पायऱ्या, फोटो, गर्दी. माझ्याबरोबर आई होती आणि तिचे गुडघे कुरकुरतात, त्यामुळे पायऱ्या हा विषयच बाद. आम्ही इस्तंबूलच्या येनिकापी धक्क्यावरून बोट पकडली, मार्मारा समुद्र ओलांडला आणि साधारण सव्वा तासात यालोव्याला उतरलो. तिथून तेर्माल, म्हणजे गरम झऱ्यांचं ठिकाण, बारा-एक किलोमीटर. मिनीबस, म्हणजे दोल्मुश, धक्क्याजवळच मिळते.

गाव मागे पडलं की रस्ता दरीत शिरतो आणि दोन्ही बाजूंनी झाडी अंगावर येते. चिनार, लिंडन, चेस्टनट. मोठमोठ्या खोडांवर हिरवं शेवाळ. तेर्मालमध्ये 'बघण्यासारखं' फारसं नाही, हे आधीच सांगून टाकते. स्नानगृहं, थोडी हॉटेलं, चहाची दुकानं आणि जंगलातल्या पायवाटा. पाट्या तुर्कीइतक्याच अरबीतही, कारण आखाती देशांतली कुटुंबं इथे मुक्कामाला येतात. बाकी सगळे आजी-आजोबा. मला ते फार आवडलं. कुणालाच कुठे पोचायची घाई नव्हती.

आम्ही गेलो कुर्शुन्लू बान्यो या स्नानगृहात. कुर्शुन म्हणजे शिसं; घुमटांवर शिशाचे पत्रे आहेत, म्हणून हे नाव. मूळ बांधकाम बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या काळातलं. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने इथे राजवाडा आणि सार्वजनिक स्नानगृह बांधलं, तेव्हा या जागेला पिथिया म्हणत. त्याची राणी थिओडोरा स्नानासाठी आली तेव्हा बरोबर चार हजारांचा लवाजमा होता, असं जुने बखरकार लिहितात. (एवढ्या लोकांना टॉवेल कुणी पुरवले असतील!) पुढे पडझड झाली आणि ऑटोमन सुलतान दुसऱ्या अब्दुल हमीदच्या काळात डागडुजी झाली.

झऱ्याचं पाणी जमिनीतून साठ अंशांच्या आसपास येतं, त्यामुळे ते निववूनच तलावात सोडतात. उघड्यावरचा तलाव, वर झाडांच्या फांद्या, अंगावर गार हवा आणि गळ्यापर्यंत ऊन पाणी. आई आधी काठावर बसून नुसते पाय सोडून होती. शेजारच्या एका तुर्की बाईंनी स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारून तोंड वाकडं केलं, मग आईच्या गुडघ्याकडे बोट दाखवलं. आईने मान डोलावली. झालं, दोघींची गट्टी! पुढचा अर्धा तास एक मराठीत आणि एक तुर्कीत बोलत होती आणि मी मध्ये पडायची काही गरज नव्हती.

"अगं, आपल्या राजवाडीच्या कुंडासारखंच आहे की हे," आई म्हणाली. तिचं माहेर संगमेश्वरकडचं, त्यामुळे तुरळ-राजवाडीची कुंडं तिच्या लहानपणातली. फक्त तिथे गंधकाचा वास नाकात बसतो, तो इथे जाणवला नाही.

हे गरम पाणी मिळतं ते भूगर्भातल्या भेगांमुळे. पावसाचं पाणी खोल मुरतं, तापतं आणि भेगांतून वर येतं. उत्तर अनातोलियाचा मोठा भ्रंश, म्हणजे जमिनीतली लांबलचक भेग, याच भागातून जातो. १७ ऑगस्ट १९९९ च्या भूकंपात यालोव्याची अतोनात हानी झाली. ज्या भेगा गुडघे शेकतात, त्याच घरंही पाडतात.

हॉटेलातलं जेवण मात्र बेचव आणि महाग. त्यापेक्षा यालोव्यातून सिमित (तीळ लावलेला कड्यासारखा पाव) आणि चीज बांधून न्या. शनिवार-रविवार इस्तंबूलकर लोटतात, तेव्हा आठवड्याच्या मधले दिवस गाठा.

आधुनिक तुर्कस्तानचा संस्थापक अतातुर्क, त्यालाही ही जागा आवडायची. १९२९ मध्ये त्याच्यासाठी तेर्मालला घर बांधलं गेलं. पण मला जास्त आवडलं ते यालोव्याच्या किनाऱ्यावरचं दुसरं, 'चालणारं घर'. शेजारच्या चिनाराच्या फांद्या घराला टेकायला लागल्या. माळ्याने फांदी तोडायची परवानगी मागितली, तर अतातुर्क म्हणाला, झाड राहू दे, घर हलवा. इस्तंबूलहून ट्रामचे रूळ आणले, पायाखाली घातले आणि ऑगस्ट १९३० मध्ये अख्खं घर सुमारे पाच मीटर सरकवलं. परतीच्या बोटीला वेळ होता, म्हणून आम्ही तिथे गेलो. आईने झाडाकडे पाहिलं, घराकडे पाहिलं आणि म्हणाली, "आमच्या मुंबई-गोवा हायवेवाल्यांना पाठव जरा इकडे."