शेवेचा तुकडा आणि वीसेक मुंग्या

सकाळी पोह्यांवरची शेव खाली पडली (शेवेशिवाय पोहे खाणारा माणूस इंदूरचा असूच शकत नाही), आणि पाच मिनिटांत वीसेक काळ्या मुंग्या तिला घेऊन निघाल्या पण, मधे टेबलाचा पाय आला, धडकल्या, मागे सरकल्या, परत धडकल्या, आई ओरडतेय "अगं ऑफिस!", मी कसली उठतेय. तेवढ्यात बाहेरून एक नवी येऊन चिकटली आणि शेव वळलीच! इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटवाल्यांनी २०१५ मध्ये हेच दाखवलं होतं, नवी आलेली थोडे सेकंदच दिशा देते, बाकीच्या ओढत-उचलत तिच्या मागे. २०२४ मध्ये त्यांनी टी आकाराचं ओझं अरुंद फटींतून न्यायला लावलं, मुंग्यांना आणि माणसांनाही. मुंग्या ग्रुपमध्ये जास्त हुशार निघाल्या, आणि बोलायला बंदी केल्यावर माणसांचे ग्रुप एकट्या माणसापेक्षाही ढ. आमच्या टीमचं तर बोलूनही तेच होतं. शेव मात्र गेली फरशीच्या फटीत, अर्धी बाहेर.