आधी घरी, मग त्याच्याकडे

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बऱ्याच वर्षांनी गावी जाऊन मी माझ्या जुन्या प्रियकराला भेटून आले, हे कळल्यापासून ओळखीतलं कुणी ना कुणी मला बाजूला घेऊन हेच विचारतं, "जावं का गं? की झाकली मूठ तशीच राहू द्यावी?" विचारणाऱ्याचं मन बहुधा आधीच गाडीत बसलेलं असतं. म्हणून मी 'जा' म्हणते, पण आधी घरच्यांशी बोला आणि मगच त्या माणसाला भेटा, हेही सांगते.

माझ्या मते जुनं प्रेम हे पुष्कळदा निमित्त असतं. खरा हिशेब घरात तुंबलेला असतो. 'त्याने माघार का घेतली?' या प्रश्नाच्या आड 'आमच्या घरी एवढं आकांडतांडव का झालं?' हा प्रश्न दडलेला असतो. त्याचं उत्तर त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार?

माझं उत्तर अल्बममध्ये होतं. एका फोटोची कड कात्रीने कापलेली. कापणाऱ्याने घाई केली असावी, कारण आत्याच्या खांद्यावर एका पुरुषाची चार बोटं तशीच राहून गेली होती. लहानपणापासून तो फोटो पाहत आले, पण बोटं कधी दिसली नाहीत. "खरं काय ते सांग" म्हटलं असतं तर आत्या गप्प झाली असती. मी एवढंच विचारलं, "हा हात कुणाचा गं?" हाताबद्दल मात्र ती बोलली. तिने घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं, ते टिकलं नाही, आणि तिला परत आणायला गेले होते माझे वडील. तिथे त्यांनी जे पाहिलं ते मी इथे लिहीत नाही. ते तिचं आहे. पण माझं प्रकरण कळल्यावर वडील का पेटले होते, हे त्या दिवशी उमगलं. उमगलं म्हणजे पटलं असं नाही.

आत्याला इतक्या वर्षांत कुणी काही विचारलंच नव्हतं, म्हणजे लपवायची वेळही फारशी आली नसणार. तरी ते तिला छळत होतंच. मायकेल स्लेपियन या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत 2017 साली मांडलेलं संशोधन हेच सांगतं: गुपित दुसऱ्यापासून लपवण्याचे प्रसंग त्या मानाने कमी येतात, पण एकटं असताना ते मनात पुन्हा पुन्हा येतं आणि त्रास होतो तो त्याचाच. तरीही विचारताना समोरच्याला 'नाही सांगायचं' म्हणायची मुभा ठेवा. तुमची उत्सुकता म्हणजे तुमचा हक्क नव्हे.

त्याच्या भेटीबद्दल सांगण्यासारखं त्या मानाने थोडं आहे. ज्या भांडणावर मी कित्येक रात्री जागून काढल्या, ते त्याला आठवतच नव्हतं. मी साफ विसरलेलं एक वाक्य मात्र त्याने जपून ठेवलं होतं. यात कुणी खोटारडं नसतं. आठवण दर वेळी नव्याने रचली जाते, हे फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1932 सालीच मांडलं होतं. शिवाय चाळिशी उलटली की साधारण 10 ते 30 या वयातल्या आठवणी इतर काळापेक्षा जास्त वर येतात. तेव्हा त्या माणसाचं आपल्या मनातलं मोठेपण निम्मं तरी त्या वयाचंच समजा. माझ्यासमोर बसला होता तो गुडघेदुखीने बेजार झालेला, बरा, जरा बडबड्या गृहस्थ. घरचं आधी कळलं होतं, म्हणून त्याच्याकडे जाब मागावासा वाटला नाही. नुसत्या गप्पा झाल्या.

नवऱ्याला सांगून गेले होते का, हेही हळूच विचारलं जातं. सांगून काय, बरोबर घेऊनच गेले होते. दोघांचं राजकारणावरून इतकं जमलं की मलाच "चला आता" म्हणावं लागलं.